प्रोटॉनच्या अंतरंगाचा हिशेब

श्रोतेहो, तराजूच्या पारड्यांत एक किलोग्रॅम वजनाचा दगड ठेवला आहे अशी कल्पना करा. या दगडाचें वजन कोठून आलें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं बाळबोध वाटेल. परंतु त्याचें पुरतें उत्तर मिळविण्यांत विसाव्या शतकाचा बहुतेक काळ आणि एकविसाव्याचीं पहिलीं कांहीं वर्षें खर्चीं पडलीं आहेत. दगड अणूंचा झालेला आहे. त्या अणूंतील इलेक्ट्रॉन तेवढे वेगळे काढून तोलतां आले, तर त्यांचें वजन पाव ग्रॅमच्या थोडेंफार मागेंपुढें भरेल. बाकीचें सारें वजन अणूच्या गाभ्यांतील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोन कणांचें. येथवर हिशेब सरळ आहे. पण प्रोटॉन हा तीन क्वार्कांचा झालेला आहे, आणि त्या तिन्ही क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज केली, तर ती प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारें शंभराव्या भागाएवढीच येते. म्हणजे हजार ग्रॅमांच्या दगडांतील फार तर दहा ग्रॅमांचा जमाखर्च लागला. उरलेले नऊशें नव्वद ग्रॅम कोणाच्या खातीं घालावयाचे?

याचें उत्तर असें देतात कीं, उरलेलें वजन हें कणांचें नसून ऊर्जेचें आहे. क्वार्क प्रोटॉनच्या पोटांत अतिशय वेगानें धांवत असतात, त्यांना बांधून ठेवणारें क्षेत्र ऊर्जेनें भरलेलें असतें, आणि आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं दाखविल्याप्रमाणें ऊर्जेलाही वस्तुमान असतें. हें सांगणें सोपें आहे. परंतु "असें असतें" म्हणून सांगणें निराळें, आणि आंकडे मांडून "इतकें येतें" असें दाखविणें निराळें. माझें आयुष्य मुलांना गणित शिकविण्यांत गेलें. रीत ठाऊक असणें आणि उत्तर काढतां येणें यांमध्यें केवढें अंतर असूं शकतें, तें शाळामास्तराइतकें दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल. प्रोटॉनच्या बाबतींत रीत सांपडली १९७३ सालीं, आणि भरंवशाचें उत्तर हातीं आलें २००८ सालीं. मधल्या पस्तीस वर्षांत माणसांनीं काय केलें, आणि त्यानंतर या विद्येनें कोठवर मजल मारली, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम प्रोटॉनला अंतरंग आहे हें कळलें कसें, तें थोडक्यांत पाहूं. १९११ सालीं मँचेस्टर येथें अर्नेस्ट रदरफर्ड यांनीं अणूच्या पोटांत एक अत्यंत लहान परंतु जड गाभा असल्याचें सिद्ध केलें. हायड्रोजनच्या गाभ्यास त्यांनीं पुढें १९२० सालीं प्रोटॉन हें नांव दिलें. १९३२ सालीं केंब्रिज येथें जेम्स चॅडविक यांनीं न्यूट्रॉन शोधून काढला. हे दोन्ही कण निरवयव असावेत, त्यांना आंतबाहेर असें कांहीं नसावें, असा तेव्हां समज होता. तो फार दिवस टिकला नाहीं. १९३३ सालीं हॅम्बुर्ग येथें ऑटो स्टर्न आणि त्यांचे सहकारी यांनीं प्रोटॉनचें चुंबकत्व मोजलें. निरवयव कणाच्या हिशेबानें जेवढें यावयास हवें होतें त्याच्या दुपटीहून अधिक तें निघालें. पुढील सूक्ष्म मोजणींत हा आंकडा २.७९ पट असा ठरला. ज्या वर्षीं हा शोध लागला त्याच वर्षीं जर्मनींतील नव्या राजवटीमुळें स्टर्न यांना तो देश सोडून जावें लागलें. प्रोटॉनच्या आंत कांहीं तरी घडामोड चाललेली आहे, याची ही पहिली चाहूल होय.

महायुद्धानंतर, १९५० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनीं वेगवान् इलेक्ट्रॉनांचा मारा प्रोटॉनवर करून त्याचा आकार मोजला. एका सेंटिमीटरचे दहा लक्ष कोटि भाग केले, तर त्यांपैकीं एका भागाहून किंचित् कमी इतकी त्याची त्रिज्या भरली. १९६४ सालीं मरे गेल-मॅन आणि जॉर्ज त्स्वाइग या दोघांनीं एकमेकांस न कळत अशी कल्पना मांडली कीं, प्रोटॉन व न्यूट्रॉन हे तीन तीन लहान कणांचे झालेले असावेत. गेल-मॅन यांनीं त्या कणांना क्वार्क म्हटलें. ही केवळ कागदावरची सोय आहे असें बहुतेकांस वाटत होतें. परंतु १९६८ च्या सुमारास स्टॅनफर्डजवळच्या तीन किलोमीटर लांबीच्या प्रवेगकांत जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडॉल आणि रिचर्ड टेलर यांच्या पथकानें प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हां कांहीं इलेक्ट्रॉन एखाद्या कठीण खड्यावर आपटावे तसे मोठ्या कोनांतून उसळून बाजूस गेले. रदरफर्ड यांनीं अणूचा गाभा असाच ओळखला होता. प्रोटॉनच्या आंत खरोखरच बारीक कण आहेत, हें त्या उसळीनें सांगितलें.

आतां या कणांना बांधणारें बळ कोणतें? १९७३ सालीं प्रिन्स्टन येथें डेव्हिड ग्रॉस व फ्रँक विल्चेक यांनीं, आणि हार्वर्ड येथें डेव्हिड पोलित्झर यांनीं, त्या बळाचा विलक्षण स्वभाव उघड केला. विजेच्या बळाला जसा विद्युद्भार, तसा या बळाला एक भार असतो. तो तीन प्रकारचा असल्यामुळें त्याला गमतीनें 'रंग' म्हणतात, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. हें बळ वाहून नेणाऱ्या कणांना ग्लुऑन म्हणतात. प्रकाशाच्या कणावर विद्युद्भार नसतो, परंतु ग्लुऑनवर मात्र स्वतःच रंग असतो. त्यामुळें ग्लुऑन एकमेकांनाही खेंचतात. याचा परिणाम असा कीं, क्वार्क अगदीं जवळ असतांना हें बळ सैल असतें, आणि ते दूर जाऊं लागले म्हणजे घट्ट होतें. गाईच्या गळ्यांत दावें असावें, खुंट्याजवळ तिनें मोकळेपणानें फिरावें, आणि दूर जाऊं लागतांच दावें ताठ व्हावें, तसा हा प्रकार आहे. सुटा क्वार्क कोणाला कधीं दिसत नाहीं, तो यामुळें.

नियम सांपडला, त्याचें समीकरण एका ओळींत लिहितां येऊं लागलें. आणि तेथेंच गाडें अडलें. विजेच्या बळाचें गणित करतांना शास्त्रज्ञ एक ठराविक रीत वापरतात. प्रथम ठोकळ उत्तर काढावयाचें, मग त्यांत लहानशी दुरुस्ती करावयाची, मग दुरुस्तीची दुरुस्ती. विजेच्या बळाचें माप सुमारें एकास एकशें सदतीस इतकें लहान असल्यामुळें प्रत्येक दुरुस्ती मागच्या दुरुस्तीहून पुष्कळ लहान येते, आणि दोनचार पायऱ्यांत काम भागतें. प्रोटॉनच्या आंत हें चालत नाहीं. तेथें बळ इतकें मोठें कीं दुसरी दुरुस्ती पहिलीएवढीच, आणि तिसरी कदाचित् तिच्याहूनही मोठी. अशी बेरीज जन्मभर केली तरी ती कोणत्याही उत्तराकडे सरकत नाहीं.

१९७४ सालीं कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ विल्सन यांनीं यावर एक धाडसी तोड काढली. ती समजावयास शाळेंतील एक जुना पाठ पुरे आहे. पिंपळाच्या पानाचें क्षेत्रफळ काढावयाचें असेल, तर आपण तें पान चौकटीच्या कागदावर ठेवून कडेनें रेघ ओढतों आणि आंत आलेल्या चौकटी मोजतों. उत्तर ठोकळ येतें. चौकटी लहान घेतल्या तर तें अधिक बरोबर येतें. विल्सन यांनीं सबंध अवकाश आणि काळ असाच चौकटींत घातला. लांबी, रुंदी, उंची आणि काळ अशा चार दिशांनीं पसरलेली एक जाळी त्यांनीं कल्पिली. जाळीच्या गांठींवर क्वार्क बसवावयाचे, आणि दोन गांठींना जोडणाऱ्या प्रत्येक दुव्यावर ग्लुऑनचें क्षेत्र मांडावयाचें. काळाची दिशा गणितांत अशी वळवून घेतात कीं ती चौथ्या अंतरासारखी वागूं लागते. विल्सन यांनीं मोठ्या चौकटींच्या जाळीवर दाखवून दिलें कीं, दोन क्वार्क एकमेकांपासून ओढूं गेल्यास लागणारी ऊर्जा अंतराच्या प्रमाणांत वाढत जाते. अर्थात् क्वार्क कोंडलेले राहतात. खरें जग जाळीचें नाहीं, हें त्यांस अर्थातच ठाऊक होतें. म्हणून एकच गणित लहान लहान होत जाणाऱ्या चौकटींवर पुनः पुनः करावयाचें, आणि चौकट शून्याला पोंचली असतां उत्तर कोठें जाऊन थांबेल तें पाहावयाचें, असा या पद्धतीचा दंडक आहे.

परंतु चौकटींची मोजदाद करूं गेलें म्हणजे छाती दडपते. प्रत्येक बाजूस बत्तीस गांठी आणि काळाच्या दिशेस चौसष्ट, एवढी मध्यम प्रतीची जाळी घेतली, तरी गांठी होतात सुमारें एकवीस लक्ष. प्रत्येक गांठीपासून चार दिशांना चार दुवे, आणि प्रत्येक दुव्यावरच्या क्षेत्राला आठ स्वतंत्र आंकडे. एकूण आंकडे सहा कोटि सत्तर लक्षांच्या घरांत जातात. क्षेत्राची प्रत्येक संभाव्य मांडणी विचारांत घेऊन त्या सर्वांची सरासरी काढावी असें समीकरण सांगतें, आणि अशा मांडण्यांना अंतच नाहीं.

येथें निराळ्याच कामासाठीं निघालेली एक युक्ति उपयोगास आली. १९४६ सालीं स्टानिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारपणांतून उठत असतां पत्त्यांचा एकट्यानें खेळावयाचा डाव मांडून बसत. हा डाव सुटण्याची शक्यता किती, हें हिशेबानें काढणें किचकट. त्यापेक्षां शंभर डाव खेळून किती सुटले तें मोजावें, असें त्यांच्या मनांत आलें. जॉन फॉन नॉयमन आणि निकोलस मेट्रोपोलिस यांनीं ही कल्पना उचलून धरली, आणि जुगाराच्या प्रसिद्ध नगरीवरून तिला 'माँटे कार्लो' असें नांव पडलें. १९५३ सालीं मेट्रोपोलिस यांनीं रोझेनब्लूथ आणि टेलर या दोन दांपत्यांसह तिला पक्कें रूप दिलें. त्या वेळच्या गणकयंत्रावर प्रत्यक्ष आज्ञावली चढविण्याचें काम आरिआना रोझेनब्लूथ या विदुषीनें केलें. सर्व मांडण्या तपासावयाच्या नाहींत. ज्या मांडण्यांचें महत्त्व अधिक त्या अधिक वेळां पुढें येतील अशा बेतानें निवडक नमुने घ्यावयाचे, हें त्या पद्धतीचें मर्म होय. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. मात्र भात नीट ढवळलेला असावा आणि शितें पातेल्याच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेलीं असावींत, ही अट गृहिणी जशी पाळते तशीच येथें पाळावी लागते. शिवाय आणखी एक कडक नियम आहे. चूक निम्मी करावयाची असेल तर नमुने चौपट घ्यावे लागतात.

१९७९-८० सालीं अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत मायकेल क्रॉइट्झ यांनीं रंगबळाच्या एका सोप्या रूपावर ही पद्धति चालवून पाहिली. जवळच्या अंतरावरील सैल बळ आणि दूरच्या अंतरावरील घट्ट बळ हीं दोन्ही एकाच नियमाचीं रूपें आहेत, हें त्यांच्या गणकयंत्रानें दाखविलें. १९८१ सालीं हर्बर्ट हॅम्बर व जॉर्जो पारीझी यांनीं, आणि स्वतंत्रपणें डॉन वाइनगार्टन यांनीं, या रीतीनें कणांचीं वस्तुमानें काढण्याचा पहिला यत्न केला. त्याची पद्धत सांगण्यासारखी आहे. जाळीवर एके ठिकाणीं तीन क्वार्क ठेवावयाचे, काळाच्या दिशेनें कांहीं घरें पुढें जाऊन त्यांचा माग घ्यावयाचा, आणि तो माग किती वेगानें विरत जातो तें पाहावयाचें. कण जितका जड तितका त्याचा माग लवकर विरतो. त्या विरण्याच्या वेगावरून वजन कळतें; तराजू लागत नाहीं.

मात्र या आरंभींच्या हिशेबांत एक मोठी सवलत घेतलेली होती. प्रोटॉनच्या आंत तीन क्वार्क असतात असें आपण म्हणतों. परंतु तेथील ऊर्जेंतून क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोड्या क्षणोक्षणीं उपजत आणि मावळत असतात. या जोड्या हिशेबांत धरल्या तर आंकडेमोड कित्येक पटींनीं वाढते. तेव्हांचीं यंत्रें तें ओझें पेलण्याजोगीं नव्हतीं. म्हणून त्या जोड्या सरळ वगळण्यांत आल्या. हें लपवून केलेलें नव्हतें. प्रत्येक निबंधांत तसें लिहिलेलें असे.

यंत्रें अपुरीं पडतात असें दिसतांच पदार्थविज्ञानाचे अभ्यासक स्वतःच यंत्रें बांधावयास बसले. कॅलिफोर्नियांत चौसष्ट लहान गणकयंत्रें एकत्र जोडून 'कॉस्मिक क्यूब' उभा राहिला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत नॉर्मन क्राइस्ट यांनीं, आणि इटलींत पारीझी व निकोला काबिब्बो यांच्या मंडळीनें, खास याच गणितासाठीं यंत्रें घडविलीं. १९८३ सालीं रिचर्ड फाइनमन यांच्यासारखा ज्येष्ठ पंडितही बॉस्टनकडील एका नव्या यंत्र-कंपनींत उन्हाळ्यापुरता कामास गेला, आणि तयार न झालेल्या यंत्रावर हें गणित किती वेगानें चालेल याचा अंदाज त्यानें कागद-पेन्सिलीनें पायरी पायरीनें काढला. जाळीगणितासाठीं शिकलेले कित्येक धडे पुढें सर्वसाधारण महागणकांच्या रचनेंत उतरले.

वाइनगार्टन यांच्या पथकानें यासाठींच बांधलेल्या यंत्रावर सुमारें वर्षभर गणित चालवून १९९३ सालीं निकाल प्रसिद्ध केला. जोड्या वगळूनही कणांचीं वस्तुमानें प्रयोगाशीं सुमारें सहा टक्क्यांच्या आंत जुळलीं होतीं, आणि गणिताची स्वतःची अनिश्चितता लक्षांत घेतां हा फरक फरकच नव्हे असें म्हणतां येत होतें. १९९६ सालीं जपानांतील त्सुकुबा विद्यापीठांत २०४८ प्रक्रियकांचें एक यंत्र याच कामासाठीं तयार झालें. त्या वर्षाच्या अखेरीस तें जगांतील सर्वांत वेगवान् गणकयंत्र ठरलें. तेथील पथकानें तीच सवलतीची रीत घेऊन अनिश्चितता एक ते तीन टक्क्यांवर आणली. आणि मग काय दिसलें? उत्तरें प्रयोगाशीं जुळेनात. कांहीं वस्तुमानांत सुमारें दहा टक्क्यांपर्यंत तफावत निघाली.

श्रोतेहो, या सर्व इतिहासांत मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरवर पाहतां ही माघार होती; आधींचें उत्तर जुळत होतें, नवें जुळेना. परंतु आधींचें उत्तर जुळत होतें तें कांहीं अंशीं धूसर असल्यामुळें. धुक्यांत दोन माणसें सारखींच दिसतात. धुकें निवळल्यावर फरक दिसला, आणि तो फरक कशाचा हेंही सांगतां आलें: क्वार्कांच्या ज्या जोड्या वगळल्या होत्या त्यांचा. जें गणित चुकूं शकतच नाहीं त्यापासून ज्ञान मिळत नाहीं. आपली चूक किती आणि ती कोणत्या सवलतीमुळें आली हें जेव्हां सांगतां येतें, तेव्हांच त्या गणितावर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो.

आतां जोड्या हिशेबांत घेणें प्राप्त झालें. त्यासाठीं लागणारी 'संकरित माँटे कार्लो' नांवाची रीत १९८७ सालींच चार शास्त्रज्ञांनीं बसविली होती. पण क्वार्कांचें वस्तुमान जसजसें कमी करून खऱ्या मानाजवळ आणावें, तसतसा श्रम भयंकर वाढत जाई. २००१ सालीं या विषयाची वार्षिक परिषद बर्लिन येथें भरली असतां या खर्चाचा अंदाज मांडण्यांत आला. तो इतका निराशाजनक होता कीं, बारा वर्षांपूर्वीं खुल्या झालेल्या भिंतीची आठवण ठेवून लोक त्याला 'बर्लिनची भिंत' म्हणूं लागले. ही दुसरी भिंतही पडली. यंत्रें वेगवान् झालीं हें तिचें एक कारण. परंतु रीत सुधारली हें त्याहून मोठें. जलद आणि सावकाश बदलणारे भाग निरनिराळे करून त्यांचें गणित वेगवेगळ्या पावलांनीं चालविण्याच्या युक्त्या मार्टिन ल्यूशर, मार्टिन हाझेनबुश आदिकरून मंडळींनीं शोधल्या, आणि वर्षांचें काम आठवड्यांवर आलें.

२००८ च्या नोव्हेंबरांत बुडापेस्ट, मार्सेय आणि वुपर्टाल येथील अभ्यासकांच्या पथकानें आपला निकाल प्रसिद्ध केला. जोड्या हिशेबांत होत्या, निरनिराळ्या आकाराच्या चौकटी घेतल्या होत्या, आणि सर्व अनिश्चितता मांडलेल्या होत्या. प्रयोगांतून त्यांनीं तीनच कणांचीं वस्तुमानें उसनीं घेतलीं. बाकीचीं सारीं गणितांतून काढलीं. प्रोटॉन-न्यूट्रॉनचें वस्तुमान आलें ९३६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तीस-पस्तीसांच्या अनिश्चिततेसह. प्रत्यक्ष मोजलेलें सरासरी वस्तुमान ९३९ आहे. १९७३ सालच्या एका ओळीच्या नियमांत आपल्या दगडाचें वजन खरोखरच दडलेलें होतें.

येथें एखादा चोखंदळ श्रोता विचारील: उत्तर आधींच ठाऊक असतां तें काढण्यांत पुरुषार्थ कोणता? मुलेंही पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें उत्तर पाहून गणित जुळवितात. शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर शास्त्रज्ञांनींच दिलें आहे. २००४ च्या अखेरीस याच जाळीच्या रीतीनें, दोन जड क्वार्कांच्या एका दुर्मिळ कणाचें वस्तुमान सुमारें ६३०४ येईल, असें अगोदर जाहीर करण्यांत आलें. त्याचें सूक्ष्म मोजमाप तोंपर्यंत झालेलें नव्हतें. तें अमेरिकेंतील फर्मी प्रयोगशाळेंत लवकरच झालें, आणि ६२८७ असें आलें. येथें पुस्तकाच्या शेवटीं उत्तर छापलेलें नव्हतें. अलीकडे कांहीं पथकें याहून पुढें जाऊन आपल्याच आंकड्यांना एका गुप्त संख्येनें गुणून ठेवतात आणि सर्व तपासणी संपल्यावरच ती संख्या उघडतात. हेतु हा कीं, ठाऊक असलेल्या उत्तराकडे मन नकळत झुकूं नये.

२००८ च्या हिशेबांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समान वजनाचे धरले होते. वास्तविक न्यूट्रॉन अगदीं थोडा जड आहे. ९३९ मध्यें फरक १.२९३ एवढाच, म्हणजे हजारांत दीड भागाहूनही कमी. परंतु या चिमूटभर फरकावर जगाचा संसार उभा आहे. तो सध्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असता, तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्यें शिरून त्याचा न्यूट्रॉन झाला असता. मग पाणी नाहीं, सूर्य नाहीं, आणि ही चर्चाही नाहीं. हा फरक दोन विरुद्ध कारणांच्या ओढाताणींतून येतो. न्यूट्रॉनमध्यें जड जातीचा क्वार्क एक अधिक असल्यानें तो जड होतो. प्रोटॉनवर विद्युद्भार असल्यानें त्याच्याही वजनांत भर पडते. विजेचें बळ हिशेबांत घेऊन २०१५ सालीं त्याच परंपरेंतील पथकानें हा फरक १.५१ इतका काढला, सुमारें ०.२८ च्या अनिश्चिततेसह. फरकाची दिशाही बरोबर आली, आणि मापही.

यानंतर गणितानें प्रोटॉनच्या अंतरंगांत पाऊल टाकलें. १९८७ सालीं यूरोपांतील सर्न प्रयोगशाळेंतील मोजणींत असें आढळलें होतें कीं, प्रोटॉनच्या फिरकीचा फारच थोडा भाग क्वार्कांच्या स्वतःच्या फिरकीनें भरून येतो. मग बाकीची फिरकी कोणाची? २०१७ सालीं यूरोपांतील एका पथकानें जाळीवर हिशेब करून क्वार्कांचा स्वतःचा वाटा सुमारें दोन-पंचमांश ठरविला. उरलेला ग्लुऑनांचा आणि क्वार्कांच्या परिभ्रमणाचा. २०१३ सालीं शांगडोंग जी यांनीं सुचविलेल्या मार्गानें, धांवत्या प्रोटॉनच्या संवेगाचा कोणता हिस्सा कोणता क्वार्क वाहतो, हेंही आतां जाळीवरून काढूं लागले आहेत. आणि २०१८ सालीं अमेरिकेंतील केंटकी विद्यापीठाशीं संबंधित पथकानें प्रोटॉनच्या वजनाची फोड करून दाखविली. क्षणिक जोड्यांसह सर्व क्वार्कांच्या वस्तुमानांशीं निगडित असा वाटा ९ टक्के, क्वार्कांच्या धांवण्याची ऊर्जा ३२ टक्के, ग्लुऑन-क्षेत्राची ऊर्जा ३६ टक्के, आणि पुंजसिद्धांतांतून उद्भवणाऱ्या एका सूक्ष्म परिणामाचे २३ टक्के. अशी फोड एकाहून अधिक प्रकारांनीं करतां येते, हें खरें; तरी आरंभीं बेवारशी राहिलेल्या नऊशें नव्वद ग्रॅमांना आतां खातें मिळालें आहे.

या विद्येशीं आपल्या मुंबईचाही संबंध आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं देशांतच बांधलेलें मोठें विद्युत्-गणकयंत्र चालूं झालें. त्याच संस्थेंत पुढें जाळीगणिताची परंपरा रुजली. राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनीं अतितप्त स्थितींत प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क कसे मोकळे होतात याचा हिशेब याच पद्धतीनें केला. पुढें तेथेंच आलेले नीलमणि माथुर यांनीं २००० सालीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह, क्वार्कांच्या परिभ्रमणाचा प्रोटॉनच्या फिरकींतील वाटा जाळीवरून काढण्याचा यत्न केला होता.

काम संपलेलें नाहीं. प्रोटॉनच्या आंतील ग्लुऑनांचा नकाशा काढण्यासाठीं इलेक्ट्रॉन व अणुगर्भ यांची टक्कर घडविणारें एक नवें यंत्र उभारण्याकरितां २०२० सालीं ब्रुकहेवनची निवड करण्यांत आली. क्रॉइट्झ यांनीं आपल्या जाळीवर पहिले पांसे टाकले होते ती हीच जागा. तेथील मोजणी आणि जाळीवरील गणित हीं एकमेकांसमोर ठेवून तपासलीं जातील. जुळलीं तर समाधान आहेच. न जुळलीं तर प्रथम चौकटी पाहाव्या लागतील, नमुने पाहावे लागतील, घेतलेली प्रत्येक सवलत पाहावी लागेल. आणि एवढें सर्व पाहूनही फरक उरलाच, तर मात्र १९७३ सालच्या त्या एका ओळीपुढें आणखी कांहीं लिहावें लागेल.